शाळेतील कविता : कळणे आणि करणे

मराठी शाळेत कविता नाही असा काळ फारसा आढळत नाही. पाठ्यपुस्तके बदलली, शिक्षणखाती बदलली, राज्येही बदलली; परंतु क्रमिक पुस्तकात गद्य पाठांच्या जोडीला काही कविता असावयाच्याच, हा परिपाठ दीडशेहून अधिक वर्षे चालत आला आहे. असे असूनही शाळा सोडल्यावर आपण होऊन काव्यसंग्रह हाती घेणारा गृहस्थ आपल्या सुशिक्षित वर्गात विरळाच आढळतो. आणि आयुष्यात एकदा तरी चार ओळी जुळवून पाहण्याचे धाडस केलेला तर त्याहूनही विरळा. दहा वर्षे ज्या विषयाचा सहवास घडला त्याच्याशी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी संबंध तुटावा, हे त्या विषयाचे दुर्दैव म्हणावे, की तो शिकविण्याच्या पद्धतीचा दोष? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या आधारे करावयाचा आहे.

या विचारास आरंभ करताना वर्ध्याकडे दृष्टी जाते, त्यास कारण आहे. वर्धा शहराला लागूनच सावंगी (मेघे) हे गाव आहे. आज त्याचे नाव दूरवर ऐकू येते ते तेथे १९९० साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे. या महाविद्यालयाच्या रुग्णालयास आचार्य विनोबा भावे यांचे नाव दिलेले आहे. विनोबा म्हटले की बहुतेकांस भूदानाची पदयात्रा आठवते, कोणास पवनारचा आश्रम आठवतो. परंतु त्या रुग्णालयात जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांपैकी किती जणांच्या मनात हे येत असेल, की ज्यांचे नाव या दारावर आहे त्यांनी याच परिसरात पद्यरचना आणि अध्यापन यांची अशी काही सांगड घातली होती की तिच्यापासून आजच्या प्रत्येक भाषाशिक्षकाने धडा घ्यावा? त्या प्रसंगाकडे आपण यथाक्रम येऊच. तत्पूर्वी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

कविता शिकविता येते काय, हा प्रश्न काही आजचा नव्हे. दहाव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली ती मुख्यतः कवी होऊ इच्छिणाऱ्या शिष्यासाठी. त्याने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले : एक कारयित्री, म्हणजे काव्य करविणारी, आणि दुसरी भावयित्री, म्हणजे केलेले काव्य जाणणारी. जाणणाऱ्यांचेही त्याने वर्ग पाडले आहेत. ज्यास काहीच रुचत नाही तो 'अरोचकी'. आणि जो गवतासकट सर्व काही गिळून टाकतो, म्हणजे बरेवाईट न निवडता सगळ्यालाच छान म्हणतो, तो 'सतृणाभ्यवहारी'. याच ग्रंथात एक मनोहर कथा आहे. रुसून निघून गेलेल्या काव्यपुरुषास वश करण्यासाठी साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडते, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात उभयतांचा विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. कथा रूपकाची आहे हे खरे. पण काव्य आणि काव्याची विद्या ही एकमेकांवाचून राहू नयेत, हा तिचा आशय स्पष्ट आहे, आणि हे लग्न आपल्याच भूमीवर लागले असे एका थोर आचार्याने लिहून ठेवावे, याचा वैदर्भीयांस अभिमान वाटल्यास त्यात नवल नाही.

अकराव्या शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्राने तर 'कविकंठाभरण' या आपल्या लहानशा ग्रंथात चक्क अभ्यासच घालून दिले. प्रथम अर्थाची चिंता न करता केवळ वृत्तात शब्द बसवून पाहावे. दुसऱ्याच्या श्लोकातील काही पदे काढून त्या जागी आपली घालावी. अपुरा चरण पुरा करावा. शिष्यांचेही त्याने निर्भीडपणे भाग पाडले : थोड्या श्रमाने साधणारे, पुष्कळ श्रमाने साधणारे, आणि ज्यांच्यापुढे गुरूने हात टेकावे असे. तात्पर्य, काव्य ही केवळ दैवी देणगी, तिला शिकवणुकीचा स्पर्श नको, ही समजूत आपल्या पूर्वजांची नव्हती. प्रतिभा जन्मजात असेल. पण हात मात्र वळवावा लागतो, हे त्यांस ठाऊक होते.

मराठीपुरते पाहू गेल्यास, छापखाना येण्यापूर्वी कविता शाळेत फारशी नव्हती. ती घरात, देवळात आणि कीर्तनात होती. पंतोजींच्या शाळेचा भर मोडी अक्षर, पाढे आणि हिशेब यांवर. परंतु मुलगा संध्याकाळी परवचा म्हणे तेव्हा श्लोक त्याच्या तोंडी बसत. कीर्तनकाराच्या मुखातून मोरोपंतांची आर्या आणि तुकोबांचा अभंग त्याच्या कानी पडत. म्हणजे कविता कानावाटे येत असे आणि अर्थ मागाहून, कधी कधी पुष्कळ वर्षांनी, उमगत असे. या पद्धतीत विश्लेषण नव्हते. पण लय अंगात मुरत होती, हा तिचा मोठा लाभ होय.

एकोणिसाव्या शतकात हे चित्र पालटले. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तकांची भाषा ठराविक वळण घेऊ लागली. १८५४ साली परशुरामपंततात्या गोडबोले यांनी प्राचीन मराठी कवींच्या वेच्यांचे 'नवनीत' तयार केले, आणि पिढ्यान् पिढ्या मराठी विद्यार्थ्यास मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत यांची ओळख झाली ती याच ग्रंथाच्या द्वारे. गोडबोल्यांचे उपकार लहान नाहीत. जे बाडांतून व पोथ्यांतून विखुरलेले होते ते त्यांनी सामान्य गृहस्थाच्या मुलाच्या दप्तरात आणून ठेवले. तथापि या स्थित्यंतराबरोबर एक गोष्ट घडली. कविता कानाकडून डोळ्यांकडे गेली. आणि जी वस्तू आपल्यात वावरत होती ती आता मागील पिढ्यांनी करून ठेवलेली, आपण फक्त समजून घ्यावयाची, अशी ठरली.

याचा पुरावा हवा असल्यास गोडबोल्यांच्याच 'वृत्तदर्पण' या दुसऱ्या पुस्तकाच्या वाट्याला जे आले ते पाहावे. वृत्ताचे लक्षण त्याच वृत्तात सांगावयाचे, म्हणजे लक्षण आणि उदाहरण एकाच वेळी तोंडी बसावे, ही किती सुंदर योजना! असे पुस्तक हाती असलेल्या मुलाने त्याच चालीवर आपली एखादी ओळ रचून पाहावी, हा त्याचा स्वाभाविक उपयोग. परंतु शाळेत त्याचा उपयोग बहुधा एवढाच झाला, की दिलेल्या ओळीचे लघुगुरू पाडावे, गण मोजावे आणि वृत्ताचे नाव सांगून गुण मिळवावे. हत्यार हाती दिले, त्याच्या भागांची नावे पाठ करून घेतली, पण लाकडाला ते कधी लावू दिले नाही, असा हा प्रकार झाला.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे मॅट्रिकची परीक्षा हेच शाळांचे ध्येय होऊन बसले. परीक्षा आली म्हणजे प्रश्नास ठरलेले उत्तर आले. आणि कवितेबाबत ठरलेले उत्तर म्हणजे अन्वय आणि अर्थ. पद्याचे गद्य करून दाखविले की कविता समजली, असे मानले जाऊ लागले. त्यातच विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी काही काळ वगळली गेली व ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांस दीर्घकाल खटपट करावी लागली. ज्या भाषेस वर मान नाही, ती खाली शाळेत मनापासून कोण शिकविणार? कालिदास आणि वर्ड्स्वर्थ यांच्या काव्यावर चर्चा व्हावयाची, आणि मराठी कवितेचा मात्र शब्दार्थ सांगावयाचा, अशी विषम वागणूक त्या काळी रूढ झाली.

या रूढीस पहिला जोराचा धक्का दिला तो विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ पासून निघू लागलेल्या 'निबंधमाले'त त्यांनी मोरोपंतांच्या कवितेवर जे विस्तृत लेखन केले त्यात मराठी कवीचे गुणदोष उदाहरणे देऊन, कारणे सांगून, पक्ष-प्रतिपक्ष मांडून तपासलेले आहेत. त्यांची सर्वच मते आज कोणी मान्य करील असे नाही. पण मराठी कवितेविषयी मत असू शकते, आणि ते सप्रमाण मांडता येते, ही गोष्ट त्यांनी तरुण वाचकांस दाखवून दिली. १८८० च्या पहिल्या दिवशी त्यांनी पुण्यात टिळक व नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढले. दोनच वर्षांनी शास्त्रीबोवा वारले. परंतु त्याच शाळेतून १८८९ साली एक विद्यार्थी मॅट्रिक झाला, तो म्हणजे कृष्णाजी केशव दामले. महाराष्ट्र त्यास केशवसुत या नावाने ओळखतो.

केशवसुतांचे शिक्षण एका ठिकाणी झाले नाही. विद्यार्थिदशेतील त्यांचा काही काळ वर्ध्यास गेला व काही नागपुरास, हे पुष्कळांस ठाऊक नसते. वर्धा जिल्हा १८६२ साली निर्माण झाला आणि शहर १८६६ च्या सुमारास वसले. म्हणजे अर्वाचीन मराठी कवितेचा हा प्रवर्तक पोरवयात ज्या वर्ध्यात वावरला ते शहरही पोरवयातच होते. नागपुरात त्यांस ना. वा. टिळकांचा सहवास लाभला. पुढे उपजीविकेसाठी त्यांनी शिक्षकाचाच व्यवसाय पत्करला. खानदेशात फैजपूर येथे आणि शेवटी धारवाड येथे ते शिक्षक होते, आणि १९०५ साली हुबळी येथे प्लेगाने त्यांचा अंत झाला. वर्ध्याने किंवा कोणत्या एका शाळेने त्यांस कवी केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ते कसे घडले हे पाहण्याजोगे आहे. शाळेत शिकलेल्या इंग्रजी कविता त्यांनी केवळ समजून घेतल्या नाहीत, त्यांची मराठीत रूपांतरे करून पाहिली. इंग्रजी सॉनेटाची घडण पाहिली आणि १८९२ साली ती मराठीत उतरविली. वाचलेली कविता हाताने पुन्हा करून पाहणे, ही क्षेमेंद्राने सांगितलेलीच वाट. फरक इतकाच, की ती त्यांस वर्गात कोणी दाखविली नाही. ती त्यांनी आपली आपण शोधली. त्यांचे धाकटे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. एकाच घरात एक भाऊ भाषा घडविणारा आणि दुसरा तिची घडण उलगडून दाखविणारा निपजावा, ही घटना आपल्या विषयास किती समर्पक आहे!

१९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. तेथे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नामक मुलाने आपली कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर व जमलेले रसिक प्रसन्न झाले, आणि 'बालकवी' हे नाव त्यास तेथून चिकटले. वय पाहता हा हायस्कुलात बसावयाचा विद्यार्थी. परंतु त्याच्या कवितेचे कौतुक झाले ते वर्गात नव्हे, संमेलनात. लिहिणाऱ्या मुलास काय हवे असते? सुधारणेची लाल शाई पुढे कधी तरी हवी असते. पण प्रथम हवा असतो तो कान देऊन ऐकणारा मनुष्य. आमच्या शाळांनी मुलांस कविता ऐकविली, मुलांची कविता मात्र क्वचितच ऐकली.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कवितेस पुन्हा कान लाभले ते रविकिरण मंडळामुळे. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या या मंडळाच्या कवींनी आपल्या कविता जाहीरपणे गाऊन दाखविल्या, आणि शाळकरी मुलांच्या तोंडी जुन्या आर्यांच्या जागी नव्या कविता खेळू लागल्या. याच मंडळातील माधव जूलियन यांनी १९२७ साली 'छंदोरचना' प्रसिद्ध केली व १९३७ साली ती विस्तारून पुन्हा काढली. स्वतः कविता करणाराच छंदांचे शास्त्र लिहितो तेव्हा ते शास्त्र कसे जिवंत उतरते, याचा हा ग्रंथ उत्तम नमुना होय. तिकडे प्रल्हाद केशव अत्रे यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून याच कवींची विडंबने केली. विडंबनास लोक थट्टा म्हणून हसतात. पण विचार केल्यास ते काव्याचे अत्यंत बारकाईचे विश्लेषण आहे. कवीची शब्दयोजना, त्याच्या लकबी, यमकांची आवड, भावनेची उधळण हे सर्व नेमके ओळखल्याखेरीज विडंबन साधत नाही. आणि हेच अत्रे पुण्याच्या कँपातील शाळेचे मुख्याध्यापक होते, व पुढे 'नवयुग वाचनमाला' त्यांच्याच हातून सिद्ध झाली. मुलांस कळेल, म्हणता येईल आणि आवडेल अशी कविता क्रमिक पुस्तकात असावी, हा आग्रह धरणारा शिक्षक स्वतः पद्य रचणारा होता, हा योगायोग नव्हे.

आता आपण पुन्हा वर्ध्यास येऊ. १९२१ च्या एप्रिलात विनोबा येथे आश्रम चालविण्यासाठी आले. त्यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांस बडोद्यास असताना गीतेचा अर्थ समजून घ्यावा अशी इच्छा झाली. संस्कृत त्यांस कळेना. मुलाने वामनपंडितांची 'समश्लोकी' आणून दिली. तीही त्यांस अवघड वाटली. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असा त्यांनी मुलास सरळ प्रश्न केला. १९१८ साली त्या वारल्या. प्रश्न मात्र राहिला. १९३० च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस विनोबांनी 'गीताई'ची रचना आरंभिली आणि १९३१ च्या फेब्रुवारीच्या ६ तारखेस ती पुरी केली. चार महिन्यांत अठरा अध्यायांचे सातशे श्लोक मराठी पद्यात उतरले. येथे हे लक्षात घ्यावे, की वामनपंडित हे 'नवनीता'तील मान्यवर कवी. ज्यांची कविता शाळेतून कित्येक वर्षे शिकविली जात होती, त्यांची भाषा एका श्रद्धाळू व बुद्धिमान मराठी स्त्रीस कळू नये, हा त्या सर्व अध्यापनावरचा केवढा मार्मिक अभिप्राय आहे!

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. रचना पुरी झाल्यावर विनोबांनी ती लगेच छापावयास धाडली नाही. आश्रमातील लहान मुलींच्या एका वर्गास त्यांनी ती शिकविली. शिकविता शिकविता मुली कोठे अडतात, कोणता शब्द त्यांस कळत नाही, याची टिपणे ठेवली; आणि त्या अडचणी पाहून आपल्याच रचनेत दुरुस्त्या केल्या. त्यानंतर ती मुद्रणास गेली व १९३२ साली, विनोबा धुळ्याच्या तुरुंगात असताना, प्रसिद्ध झाली. आज वर्ध्यानजीक गोपुरी येथे गीताई मंदिर आहे; त्यास छप्पर नाही, आणि 'गीताई'चे श्लोक तेथे उभ्या शिळांवर कोरलेले आहेत. पाहणारास वाटते, ही अक्षरे जणू अनादिकालापासून अशीच होती. वस्तुतः त्यांतील कित्येक शब्द एका वर्गातील मुलींच्या अडखळण्यामुळे बदललेले आहेत.

या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. त्या मुलींनी पद्य रचले नाही. परंतु रचना चालू असता त्या तेथे उपस्थित होत्या. एक शब्द जाऊन दुसरा का आला, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले. अमुक शब्द कठीण आहे, ही त्यांची तक्रार अज्ञान म्हणून धिक्कारली गेली नाही. ती टीका म्हणून स्वीकारली गेली. कविता ही आकाशातून पडलेली वस्तू नसून कोणी तरी मनुष्याने निवड करीत, खोडीत, पुन्हा लिहीत केलेली वस्तू आहे, हे ज्ञान कितीही टिपांनी व शब्दार्थांनी मुलांस देता येत नाही, ते या वर्गास सहज मिळाले. राजशेखराच्या दोन प्रतिभांचे लग्न वाशिमास लागले असेल. त्यांचा संसार मात्र वर्ध्याच्या या वर्गात काही दिवस सुखाने चालला, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्याच मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षी डिसेंबरात आपला अहवाल दिला. हातांच्या उद्योगाद्वारे शिक्षण, हे तिचे मुख्य सूत्र सर्वांस माहीत आहे. मातृभाषेच्या उद्दिष्टांत गद्य आणि पद्य दोन्ही स्पष्टपणे, भाव दाखवून व आनंदाने मोठ्याने वाचता आली पाहिजेत, असेही त्या अहवालात आहे. निर्जीव, एकसुरी वाचनाची सवय सुटावी हा हेतू. वर्धा योजनेवर पुढे पुष्कळ वाद झाले व ती सार्वत्रिक झाली नाही. पण तिचे मूळ तत्त्व, की मनुष्य जी वस्तू हाताने करतो तिचे मर्म त्यास अधिक कळते, हे सुतास जितके लागू तितकेच ओवीसही लागू आहे. टकळीवर स्वतः सूत काढलेल्या मुलास धागा कोठे जाड आला व कोठे तुटला हे निराळे सांगावे लागत नाही.

परदेशांतील अनुभवही याहून निराळा नाही. केंब्रिज येथील आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे गाळून तेरा कविता ठेवल्या व त्यांवर अभिप्राय लिहून घेतले. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे अभिप्राय आहेत. नामांकित विद्यापीठातील विद्यार्थी साधा वाच्यार्थ चुकतात, ठरीव कल्पनांच्या आहारी जातात, हे पाहून विद्वानांस धक्का बसला. कवीचे नाव कळले म्हणजे काय म्हणावयाचे हे ठाऊक असते; नाव झाकले की स्वतः वाचावे लागते. पुढे न्यूयॉर्क येथील कवी केनेथ कॉक यांनी एका साध्या सार्वजनिक शाळेतील मुलांकडून कविता लिहविल्या आणि १९७० साली तो अनुभव प्रसिद्ध केला; १९७३ च्या पुस्तकात त्यांनी थोर कवींच्या कविता शिकविण्याचा मार्ग दाखविला, तो असा, की मुलांनी कविता ऐकावी आणि तिच्यातील कल्पनेच्या धर्तीवर लगेच आपली लिहावी. वाचन आणि लेखन यांची गाठ येथेही पडली.

आमच्याकडे अशा गाठीसाठी न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचीही जरूर नाही. जात्यावर बसलेल्या बायका पूर्वापार हेच करीत आल्या. एकीने ओवी म्हणावी, दुसरीने ती उचलून तिच्यात आपल्या भावाचे, आपल्या गावाचे नाव घालावे, तिसरीने शेवटचा चरण फिरवावा. हेमा राईरकर व गी पोइटवाँ यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या आहेत. त्या गाणाऱ्यांतील पुष्कळ जणींनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. बहिणाबाई चौधरींस लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली छापली गेली. कविता करणे हे हजारांत एखाद्याचेच काम, असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांनी या जात्याकडे एकवार पाहावे.

आज शाळेतील स्थिती काय आहे? अन्वयार्थाचा जुना जाच गेला आहे. अलीकडील 'कुमारभारती'च्या कृतिपत्रिकांतून कवितेचे रसग्रहण विचारले जाते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशी त्याची अंगेही आखून दिलेली आहेत. हेतू खचित चांगला आहे. पण रसग्रहणही बाजारात तयार मिळू लागले, आणि मुले ते मुखोद्गत करू लागली. पूर्वी विद्यार्थी कविता पाठ करी आणि तिचा अर्थ त्यास कळत नसे. आता तो अर्थ पाठ करतो आणि कविता त्यास आठवत नाही. तयार रसग्रहणात प्रत्येक कविता भावपूर्ण, प्रत्येक प्रतिमा चपखल आणि प्रत्येक शब्दरचना साधी पण आशयघन असते. राजशेखर असता तर या सर्व उत्तरपत्रिकांवर त्याने एकच शेरा मारला असता : सतृणाभ्यवहारी.

यावर आक्षेप येतील ते ठाऊक आहेत. पहिला, की सर्व मुले कवी होणार नाहीत. न होवोत, सर्व मुले चित्रकार होत नाहीत म्हणून चित्रकलेचा तास कोणी बंद केलेला नाही. दुसरा, की मुलांच्या रचना कच्च्या असतील. असतीलच, आणि तो कच्चेपणाच शिकविण्याचे साधन आहे. समजा, वर्ध्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातील विद्यार्थ्याने लिहिले, की कापूस चांदण्यासारखा शुभ्र फुलला आहे. शिक्षकाने एवढेच विचारावे, की कापूस वेचावयास तू गेला आहेस काय? मुलगा हसेल आणि सांगेल, की पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडांनी बोटे ओरबाडतात. मग ते लिही, असे सांगावे. दुसऱ्या दिवशी त्याची जी ओळ येईल ती थोर नसेल, परंतु ती त्याची असेल. आणि उसनी उपमा व पाहिलेली गोष्ट यांतील भेद तो जन्मभर विसरणार नाही. त्यानंतर पुस्तकातील कविता उघडावी. त्या कवीने कोणता सोपा शब्द टाळला, हे तो विद्यार्थी आता आपण होऊन विचारू लागेल. विश्लेषण म्हणतात ते हेच.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वर्गात पन्नास-साठ मुले, अभ्यासक्रम लांब, आणि कवितेस गुण कसे द्यावयाचे? यास उत्तर असे, की मुलांच्या कवितेस गुण देऊच नयेत. ती परीक्षेपासून दूर ठेवावी. महिन्यातून एक तास पुरे. त्यात शिक्षकाने एक कविता दोनदा नीट मोठ्याने वाचावी. तिच्यातील एक शब्द झाकून मुलांकडून पर्याय मागवावे व कवीचाच शब्द का सरस, किंवा क्वचित का सरस नाही, याचा विचार करवावा. मग मुलांनी त्याच धर्तीवर ओवी, अभंग अथवा मुक्तछंदातील चार ओळी लिहाव्या आणि ज्यास इच्छा असेल त्याने त्या वाचून दाखवाव्या. वृत्ताची भीती बाळगण्याचे कारण नाही. विदर्भातीलच कवी अनिल यांनी १९४० च्या 'भग्नमूर्ती'त मुक्तछंद किती भार पेलू शकतो हे दाखविलेले आहे. यास पैसा लागत नाही, नवे पुस्तक लागत नाही. लागते ते एवढेच, की शिक्षकाने मुलाचे अडखळणे ऐकून घ्यावे.

हे न केल्यास काय हानी, असे कोणी विचारील. हानी काव्याची होईल ती होवोच. खरी हानी विद्यार्थ्याची आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मनुष्याच्या मनात जे काही प्रथमच उठते त्यास बहुधा त्याच्याजवळ शब्द नसतात. ते त्याने कोठून आणावे? घरी बोलावयास संकोच, वर्गात ठरलेली उत्तरे, बाहेर उसने गाणे. मायबोलीत आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येते, हा विश्वास ज्या वयात रुजावयाचा त्याच वयात आम्ही त्याच्या हाती दुसऱ्याने लिहिलेले रसग्रहण ठेवतो, आणि मोठेपणी तो मराठीत पत्रसुद्धा लिहीत नाही म्हणून खंत करतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु भाषेचे वय सिद्ध झाल्याने तिचे आयुष्य वाढत नाही; ते वाढते तिच्यात नवी ओळ लिहिली जाते तेव्हा, मग ती ओळ कच्ची का असेना.

सावंगीच्या रुग्णालयाच्या दारावरील नाव ज्यांचे आहे त्यांनी आपले पद्य मुलींपुढे ठेवले, त्या कोठे अडतात ते पाहिले आणि शब्द बदलला. आमच्या वर्गांतून आजवर मुले अडली की मुलांनाच बदलण्याचा प्रयत्न होत आला. आता काही दिवस त्यांच्या हाती शब्द देऊन पाहावे.